मालकाची चिमणी बिघडली तर खर्च कोणाचा, आणि भाड्याच्या घरात भोक कुठे पाडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरमध्ये टू बीएचके, लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला. मालक परदेशात. स्वयंपाकघरातली चिमणी, हॉब (म्हणजे ओट्यात बसवलेली गॅस शेगडी), फ्रिज आणि आरओ मालकाचे. आठ महिने झाले आणि चिमणी धूर ओढेनाशी झाली. मालक म्हणतात, वापरली तुम्ही, दुरुस्तही तुम्हीच करा. शिवाय विचारणाऱ्या ताईंना ओट्यावर मसाल्याचं शेल्फ लावायचंय, डिशवॉशर घ्यायचाय आणि सिलिंडर सोडून पाईप गॅसवर जायचंय. विचारून करायचं काय, न विचारता काय चालतं, आणि पैसे कोणी भरायचे?

बाहेरगावी राहणाऱ्या मालकांचे पुण्यातले फ्लॅट सांभाळणं हा माझा धंदा आहे. म्हणजे डिपॉझिटचा हिशेब होतो तेव्हा मी बहुतेक वेळा मालकाच्या बाजूच्या खुर्चीत असतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. त्याच खुर्चीतून सांगतो की डिपॉझिटमधून पैसे कापले जातात ते बेडरूममुळे फारसे नाहीत, स्वयंपाकघरामुळे. आणि त्यातले बरेच वाद पहिल्या आठवड्यात एक मेल लिहिली असती तर झालेच नसते.

आधी कायदा, कारण इथे एक गैरसमज जोरात फिरतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये, मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला बाहेर काढता येतं असं म्हटलंय. त्याच्याच खाली स्पष्टीकरण आहे: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, धुराची चिमणी, एक्झॉस्टची वाट ही कामं 'कायमस्वरूपी बांधकाम' धरायची नाहीत, लागेल तिथे पालिकेची परवानगी मात्र हवी. हे वाचून लोक म्हणतात, चिमणीसाठी मालकाला विचारायची गरजच नाही. पण हे कलम पागडीतल्या किंवा जुन्या भाडेकरूचं संरक्षण आहे. तुम्ही लायसेन्सी आहात, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे. तुमच्यासाठी कलम २४ आहे: मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर दुप्पट दराने भरपाई. तिथे ओट्या-चिमणीची सवलत तुमच्या कामाची नाही.

मालक एवढ्यातेवढ्यासाठी 'नको' का म्हणतात, याचंही एक कायदेशीर कारण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. लायसन्सची मूळ व्याख्या १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याच कायद्याचं कलम ६० सांगतं की लायसन्सच्या आधारावर लायसेन्सीने स्वतः खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ते लायसन्स मालकाला सहजी रद्द करता येत नाही. स्वयंपाकघराच्या शेल्फावरून कोणी कोर्टात जात नाही, पण मालकाच्या वकिलाने हे वाक्य एकदा वाचलेलं असतं. म्हणून परवानगी मागताना 'जाताना काढून पूर्ववत करू' हे शब्द आले की निम्मी अडचण तिथेच संपते.

आता तुमचं ॲग्रीमेंट काढा. ऑनलाइन नोंदणीचा जो ठरलेला मसुदा आपल्याकडे चालतो, त्यात दोन कलमं जवळपास नेहमी असतात. एक, मालकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय आत-बाहेर कुठलाही फेरफार करायचा नाही. दोन, घर आहे त्या स्थितीत ठेवायचं, नुकसान झालं तर भरून द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. शेवटी फर्निचर आणि उपकरणांची यादी असते आणि खरी मेख तिथे आहे. यादीत लिहिलेलं असतं 'चिमणी – १'. चालू, बंद, किती जुनी, फिल्टर धुतलेला की तेलाने माखलेला, काही नाही. मग आठ महिन्यांनी दोघंही आपापल्या आठवणीवर भांडतात.

दुरुस्ती कोणी करायची याची यादी केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याला जोडलेली आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, पण वादात मोजपट्टी म्हणून ती यादी मी नेहमी पुढे करतो. घराच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगरंगोटी, पाईप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेलं ड्रेन, स्विच-सॉकेट, गीझर, स्वयंपाकघरातल्या बसवलेल्या वस्तूंची दुरुस्ती हे भाडेकरूकडे. ताई, हे तुमच्या विरुद्ध जातंय असं वाटेल. पण 'दुरुस्ती' आणि 'आयुष्य संपलेली वस्तू बदलणं' यांत फरक आहे, आणि तुमच्या चिमणीचा निकाल त्या फरकावरच लागतो.

तर चिमणी. मेकॅनिक बोलवायच्या आधी घरीच तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. गॅस बंद. वर्तमानपत्राचं अर्धं पान घ्या, चिमणी पूर्ण वेगात लावा आणि पान फिल्टरला लावून हात सोडा. चिकटून राहिलं तर चिमणी ठीक आहे, तुमची खिडकी चुकीच्या जागी उघडी आहे. किंवा घर इतकं बंद आहे की बाहेरून हवा आतच येत नाही. आत हवा येत नसेल तर चिमणी बाहेर टाकणार काय? पान पडलं तर चिमणी बंद करून फिल्टर काढा, पुन्हा चालू करून तळहात जरा लांब धरा. आता ओढ जाणवली तर दोष फिल्टरचा, म्हणजे सफाईचा, म्हणजे तुमचा. तरीही ओढ नसेल तर वर कपाटाच्या टॉपवर चढणारा चंदेरी नळीसारखा पाईप, म्हणजे डक्ट, बघा. तो बहुधा कोपऱ्यात चेपलेला असतो, किंवा बाहेरच्या तोंडाची झडप तेलाने चिकटून बसलेली असते. बाहेर जाळी नसेल तर कबुतरांनी घरटंही केलेलं असतं. पुण्यात हे कारण हसण्यावारी नेऊ नका. आणि मोटर नुसती गुणगुणते, पंखा संथ फिरतो असं असेल तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला जोर देणाऱ्या छोट्या विजेच्या भागावर, घ्या. तो भाग स्वस्त असतो, पण स्वतः हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

माझा हिशेब असा असतो: फिल्टर, तेलाची वाटी, दिवा, बटणं, सर्व्हिसिंग राहणाऱ्याकडे. कपॅसिटर, मोटर, सर्किट बोर्ड, चेपलेला डक्ट मालकाकडे. अपवाद एकच. मेकॅनिकने ब्लोअर उघडल्यावर आत तेलाचा थर इतका निघाला की मोटर त्यामुळेच जळाली असं तो लिहून द्यायला तयार आहे, तर खर्च वाटून घ्यायचा. म्हणून 'चिमणी रिपेअर' एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. काय बिघडलं होतं आणि कशामुळे, या दोन ओळी बिलावर लिहायला लावा, उघडलेल्या चिमणीचा फोटो काढा आणि दोन्ही मालकाला पाठवा. परदेशातला मालक तुमच्या शब्दापेक्षा त्या फोटोवर जास्त विश्वास ठेवतो, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

सफाईबद्दल. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला तीन महिन्यांनी एकदा फिल्टर धुणं पुरत नाही. रोज पोळी-भाजी असेल तर दोन-तीन आठवड्यांनी, तळण जास्त असेल तर त्याहून लवकर. स्टीलचा बॅफल फिल्टर असेल तर गरम पाणी, भांड्याचा लिक्विड साबण, अर्धा तास भिजवणं, ब्रश. झालं. फिल्टर ॲल्युमिनियमच्या जाळीचा असेल तर कॉस्टिक सोड्याला हात लावू नका. बाजारातल्या कडक डीग्रीझरमध्ये आणि नाली साफ करायच्या पावडरीत तोच असतो. ॲल्युमिनियम काळं पडतं आणि जाळी खाल्ली जाते. अशी काळवंडलेली जाळी डिपॉझिटच्या दिवशी लपत नाही. 'ऑटोक्लीन' या शब्दावर तर अजिबात विसंबू नका. त्यात एक हीटर आतलं तेल पातळ करतो आणि ते वाटीत उतरतं, एवढंच. वाटी तुम्हालाच रिकामी करायची आहे, आणि ती भरून वाहिली की तेल थेट हॉबच्या काचेवर टपकतं. आणखी एक: चिमणीखाली भांड्याशिवाय मोठा बर्नर पेटता ठेवायचा नाही. वर तेल, खाली ज्वाळा, सांगायला नको.

भोकांकडे येऊ. मसाल्याच्या शेल्फासाठी माझं पहिलं मत: भोकं पाडूच नका. ओट्यावर उभी राहणारी स्टीलची रॅक मिळते, ती घ्या. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइलला पडलेलं भोक बुजवता येतं, पण त्याच रंगाची, त्याच बॅचची टाइल पाच वर्षांनी मिळत नाही, आणि मालक नेमकं तेच मोजतो. पाडायचंच असेल तर दोन टाइलच्या मधल्या सांध्यात पाडा. तिथे नंतर पांढरं सिमेंट किंवा ग्राउट भरलं की काही दिसत नाही. टाइलवरच पाडायचं असेल तर मास्किंग टेप चिकटवून, टाइलचं बिट लावून, हॅमर मोड बंद ठेवून. आधी टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर ती टाइल भिंतीला नीट धरलेली नाही, तडकणारच.

नळाच्या सरळ वर आणि खाली, स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली ड्रिल चालवायचं नाही. कन्सील्ड पाईप आणि वायरींच्या नळ्या बहुधा त्याच रेषेत जातात. बाणेर-बालेवाडीकडचे बरेच नवे टॉवर मायवान शटरिंगचे आहेत, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. तिथे साधं ड्रिल रडतं. आणि 'वायरिंगसाठी थोडी भिंत खणतो' असं इलेक्ट्रिशियन म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. ती भिंत इमारतीचा भार घेते. बीम, कॉलम आणि स्लॅबमधून कोअर कटिंग, म्हणजे मशीनने आरपार गोल भोक पाडणं, तर मालकाच्या परवानगीनेही करायचं नाही. तो विषय मालकाचाही राहत नाही, सोसायटीचा होतो.

बाहेरच्या भिंतीचंही तेच. पुढे कधी स्वतःची चिमणी लावायची वेळ आली आणि डक्टला वाट नसेल, तर भिंतीऐवजी खिडकीची वरची एक काच काढून तिथे ॲक्रिलिक शीट बसवा आणि सहा इंची भोक त्या शीटला पाडा. काढलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून लॉफ्टवर ठेवा. जाताना परत बसवली की काम झालं.

विजेचं गणित सोपं आहे, पण तिथेच सॉकेट जळतात. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी म्हणजे २००० भागिले २३०, जवळपास ८.७ अँपिअर. ओट्यावरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं; ते फार तर १३८० वॉटला पुरतं. लोक मोठ्या पिनला कन्व्हर्टर लावून ती शेगडी छोट्या सॉकेटमध्ये घालतात. आठवडाभर चालते, मग सॉकेटच्या एका भोकाची बाजू पिवळी पडते, मग तपकिरी, मग जळका वास. तो खर्च तुमचा, आणि तो मी बिनदिक्कत कापतो. इंडक्शन, ओटीजी, डिशवॉशर, गीझर हे १६ अँपिअरच्या पॉइंटवर. तसा पॉइंट नसेल तर नवीन टाकायची परवानगी मागा. वायर मुख्य बोर्डापासून स्वतंत्र आणि एमसीबीसकट (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) यायला हवी.

गॅसबद्दल मी कडक आहे. पुण्यात पाईप गॅस एमएनजीएल (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड) या कंपनीचा. भाड्याच्या घरात कनेक्शन घ्यायचं तर मालकाचा ना-हरकत दाखला लागेल, तेव्हा ही गोष्ट विचारल्याशिवाय होणारच नाही. कंपनीने टाकलेली लाइन खासगी प्लंबरकडून हलवायची नाही, मीटर कपाटात कोंडायचा नाही. आणि मालकाच्या हॉबचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं, सिलिंडरच्या गॅससाठीचे असणार. पाईप गॅससाठी जेट मोठे लागतात, नाहीतर ज्योत मिणमिणती राहते. बदललेले जुने जेट पुडीत घालून, पुडीवर नाव लिहून जपून ठेवा. उलटा प्रकार धोक्याचा आहे: पाईप गॅसचे जेट तसेच ठेवून पुढच्या माणसाने सिलिंडर जोडला तर ज्वाळा पिवळी, उंच आणि काजळी धरणारी. त्यामुळे घर सोडताना हॉब कोणत्या गॅसवर आहे हे लिहून द्या.

तोवर सिलिंडरवर असाल तर त्याच्या कपाटाच्या दाराला खाली असलेल्या फटी झुरळांसाठी म्हणून बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाईप गॅस हलका, तो वर जातो. त्याला खिडकीची वरची वाट लागते. नारिंगी सुरक्षा ट्यूबवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायचीच, मग दिसायला नवी का असेना. ही ट्यूब भिंतीतल्या भोकातून ड्राय बाल्कनीत न्यायची नाही. वास आला तर बटणं न दाबता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

हॉब पेटत नाही म्हणून मालकाला रात्री फोन करणारे भाडेकरू मी पाहिलेत. बऱ्याच हॉबमध्ये ठिणगीसाठी खाली एका डबीत सेल असतो. तो बदला. तापलेल्या काचेवर ओला गार फडका मारायचा नाही. काच फुटली तर ती झीज धरली जात नाही. फ्रिजबद्दल एवढंच की बर्फ सुरीने खरवडायचा नाही, मागे हवा खेळू द्यायची आणि दाराचं रबर साबणाच्या पाण्याने पुसायचं. कॉम्प्रेसर वयाने गेला तर तो मालकाचा.

आरओवर लोक उगाच भांडतात. वर्षातून बदलायचे फिल्टर हे वापराचे, तुमच्याकडे. मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) आणि पंप मालकाकडे, हे मी ॲग्रीमेंटमध्येच लिहून घेतो. पण आधी पाणी तपासा. भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याखालच्या पाण्याला आरओ नको असंच म्हटलं होतं. पालिकेचं धरणाचं पाणी येत असेल तर ते सहसा खूप खाली असतं. टँकर किंवा बोअरचं येत असेल तर मेम्ब्रेन लवकर चोंदते, आणि तो काही तुमचा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. टीडीएस मीटरचा आकडा दिसेल असा फोटो मालकाला पाठवून ठेवा. गणपतीला गावी जाताना आरओचा इनलेट बंद करायला विसरू नका. घरात कोणी नसताना सुटलेली नळी खालच्या घराचं सीलिंग खराब करते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या सिंक-संडासाच्या गळतीचा खर्च सभासदाचा, म्हणजे तुमच्या मालकाचा, आणि तो तुमच्याकडे वळवणार.

डिशवॉशरला माझा पाठिंबा आहे, कारण तो भिंत न फोडता बसतो. सिंकखालच्या अँगल कॉकवर (भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा छोटा नळ) टी, म्हणजे दोन वाटा करणारा जोड, जोडायची, ड्रेनची नळी वर वळसा देऊन सिंकच्या वेस्टला जोडायची, १६ अँपिअरचा पॉइंट वापरायचा. मालकाला साधारण अशी मेल पाठवा:

"सर, सिंकखाली डिशवॉशरसाठी टी आणि एक अँगल कॉक जोडत आहोत. भिंत किंवा ओटा फोडणार नाही. मशिन आमचं आहे, जाताना घेऊन जाऊ आणि जोडणी आमच्या खर्चाने पूर्ववत करू. गळती झाल्यास जबाबदारी आमची. हरकत नसल्यास याच मेलला होकार कळवावा."

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ मुळे अशी मेल लेखी धरता येते. व्हॉट्सॲपवरचा अंगठा मला तेवढा पुरेसा वाटत नाही. तो अंगठा कोणत्या वाक्याला दिला यावरूनच पुढे वाद होतो.

तुमचे आठ महिने गेलेत, तरी स्थितीचा व्हिडिओ आजच करा: चिमणी तिन्ही वेगांवर, हॉबचे सगळे बर्नर पेटवून, फ्रिजचा आतला भाग, आरओचा नळ, सिंकखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या पाईपचा बाटलीसारखा भाग) बाहेरून कोरडा असलेला, प्रत्येक वस्तूच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर. मालकाला मेलने पाठवा आणि लिहा, 'आजची स्थिती ही. चिमणीची तक्रार अमुक तारखेला कळवली आहे.' नंतर मेकॅनिक बोलवा. दोष फिल्टरचा निघाला तर मुकाट्याने सर्व्हिसिंगचे पैसे भरा. मोटर किंवा कपॅसिटर निघाला तर बिल पाठवून पुढच्या भाड्यातून वळते करायची परवानगी मागा, पण होकार येईपर्यंत परस्पर कापू नका. भाडं कमी भरलं की बोलणं चिमणीवरून थकबाकीवर जातं आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

आणि डिशवॉशर जोडताना प्लंबर जुन्या जोडणीचे जे नट-वॉशर काढेल ते त्याला नेऊ देऊ नका. जेटच्या पुडीबरोबरच ठेवा.